पेटीच्या कोपऱ्याची मजुरी

लग्नाचा बस्ता बांधून झाला, हिशेब चुकता झाला की शिरपुरातले गिऱ्हाईक उठता उठता एक प्रश्न हमखास विचारते. शालूला, शालीला कसर लागू नये म्हणून काय करावे? हा प्रश्न मी दुकानात बसू लागल्यापासून ऐकतो आहे. अलीकडे मात्र त्याला एक जोड मिळाली आहे. ‘सेठ, लाकडाची पेटी करून घ्यावी म्हणतो, कोण करील?’ घरात लोखंडी आलमारी आहे, प्लायवूडचे कपाट आहे, तरीही काही लोक पुन्हा लाकडी पेटीकडे वळू पाहत आहेत. आमच्या कापड धंद्याच्या आणि त्याहून अधिक सुतार-मिस्त्री बांधवांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. परंतु पेटी करून घेण्याची जी रीत बाजारात चालू आहे ती कारागिराला मारक आणि गिऱ्हाइकाला तोट्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याविषयी येथे लिहीत आहे.

मी सुतार नाही. कापडवाला आहे. म्हणून पेटीकडे माझी नजर कापडवाल्याची आहे, आणि ही नजर आधी जाते ती झाकणावरच्या नक्षीकडे नव्हे तर कोपऱ्याकडे. कारण कापडाचे नुकसान बहुधा फटीतून सुरू होते. लोकर आणि रेशीम ही प्राण्यांपासून मिळालेली वस्तू. पतंगाची अळी त्यावरच जगते. स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्याला तिचा उपद्रव नसतो, पण सुती कपडा खळ देऊन ठेवला तर त्या खळीसाठी चंदेरी कसर येते. धूळ आत गेली, दमट हवा आत गेली की या सगळ्यांचे फावते. पेटीच्या चार कोपऱ्यांत कागद सरकेल एवढी फट असली तरी डांबरगोळ्यांचा वास दोन महिन्यांत उडून जातो आणि किडा मात्र आत येतो. लोखंडी ट्रंकेत किडा कमी शिरतो हे खरे आहे, पण पावसाळ्यात पत्रा आतून घामेजतो, रंग उडाला की गंज धरतो आणि गंजाचा डाग साबणाने निघत नाही. कापड दुकानदाराकडे जुन्या साड्या घेऊन येणाऱ्या बायाबापड्यांना हे डाग दाखवून ‘काही होईल का’ असे विचारताना मी पुष्कळदा पाहिले आहे. होत काही नाही.

आता कोपऱ्याची गोष्ट. दोन फळ्या काटकोनात जोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकीचे टोक दुसरीला टेकवायचे आणि खिळे मारायचे. आंब्याच्या लाकडाची फळांची खोकी अशीच करतात, आणि खोक्याला तेवढे पुरते. पण घरात तीस-चाळीस वर्षे राहायच्या पेटीला ते पुरत नाही. लाकूड जिवंत नसले तरी हलते. पावसाळ्यात फळी आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र तिच्यात फारसा फरक पडत नाही. हे दरवर्षीचे फुगणे-आकसणे खिळ्याला सहन होत नाही. शिवाय तो फळीच्या टोकात, म्हणजे उभ्या रेषांत शिरलेला असतो. तिथे त्याला पकड कमीच. काही वर्षांनी खिळा ढिला होतो, कोपरा उघडतो.

जुने मिस्त्री यासाठी जो सांधा कापीत त्याला कारखान्यात आणि आयटीआयमध्ये ‘डव्हटेल’ म्हणतात. डव्ह म्हणजे आपला होला. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तिथे त्याला फाख्ता म्हणत. होला शेपटी पसरतो तेव्हा ती बुडाशी अरुंद आणि टोकाशी रुंद दिसते, तशा आकाराच्या शेपट्या एका फळीच्या टोकाला कापायच्या आणि दुसऱ्या फळीच्या टोकाला त्यांच्यामध्ये नेमक्या बसतील अशा खुंट्या ठेवायच्या. दोन्ही एकमेकांत बसल्या की शेपटीची फळी तिच्या लांबीच्या दिशेने कितीही ओढा, निघत नाही. रुंद टोक अरुंद तोंडातून बाहेर येणार कसे? सांधा फक्त एका दिशेने सुटू शकतो, ज्या दिशेने तो बसवला त्याच. तेवढी वाट सरसाने किंवा फेव्हिकॉलने बंद करायची. म्हणून जाणता मिस्त्री शेपट्या पेटीच्या लांब बाजूंना घेतो आणि कड्या आखूड बाजूंना लावतो. कडीला धरून भरलेली पेटी फरशीवर फरफटत नेली तरी कोपऱ्यावर येणारा ताण शेपट्यांवर जातो, गोंदावर नाही.

ही कल्पना आजची नाही. प्राचीन इजिप्तच्या कबरींतून निघालेल्या लाकडी सामानात असे सांधे सापडले आहेत, आणि तिथल्या देवळांचे दगडसुद्धा याच आकाराच्या लाकडी वा धातूच्या तुकड्यांनी एकमेकांना अडकवलेले असत. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात हेमाडपंती देवळे आहेतच, ज्यांत दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवले आहेत. खिळा आणि चिकटपट्टी न वापरता वस्तूला वस्तूनेच धरून ठेवायचे, हा हुन्नर लाकडात आणि दगडात एकच आहे.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी रिहाल असेल, म्हणजे कुरआन शरीफ ठेवायची लाकडी घडवंची. जुनी रिहाल नीट पाहावी. दोन फळ्या जोडून ती केलेली नसते. एकच जाड फळी मधून करवतीने उभी चिरून, मधल्या भागात पटाशीने एकाआड एक दाते सोडवून ती उघडझाप करणारी केलेली असते. त्यात बिजागरी नाही, खिळा नाही. हे काम ज्या हाताला जमते त्या हाताला पेटीचा कोपरा परका नाही. आज बाजारात दोन फळ्यांना पितळी बिजागरी ठोकलेल्या रिहाली मिळतात आणि लोक घेतातही. घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण दोहोंचा भाव एक असू नये, एवढे तरी मान्य व्हावे.

येथे मूळ मुद्द्यावर येतो. असा सांधा हाताने कापायला किती काम पडते, याचा हिशेब गिऱ्हाइकाने कधी केलेला नसतो. आपण करून पाहू. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी मध्यम पेटी धरा. पाऊण इंच जाडीच्या फळ्या धरल्या तर चार बाजू, तळ आणि झाकण मिळून सुमारे 1.4 घनफूट लाकूड लागते. घट, चीर, गाठ धरून दोन घनफूट घ्यावे लागते. दीड फूट उंचीच्या कोपऱ्याला साधारण सहा शेपट्या येतात. सहा शेपट्यांना करवतीचे बारा काप. समोरच्या फळीला मधल्या पाच खुंट्या आणि दोन टोकांच्या अर्ध्या खुंट्या, त्यांनाही बारा काप. एका कोपऱ्याला चोवीस, चार कोपऱ्यांना 96. कापांच्या मधला टाकाऊ भाग पटाशीने काढायचा. अशा खाचा एका कोपऱ्याला अकरा, चारांना 44, आणि प्रत्येक खाच दोन्ही अंगांनी अर्धी अर्धी, कारण एकाच अंगाने ठोकत गेले तर पलीकडचे लाकूड फाटून निघते. यात फळ्या रंध्याने सरळ करणे, आखणी करणे, दीड फूट रुंदीची फळी अखंड मिळत नाही म्हणून दोन-तीन पट्ट्या जोडणे हे धरलेलेच नाही.

आखणीसुद्धा जाड पेन्सिलीने चालत नाही. खतकस फळीच्या जाडीवर बांधून टोकाशी बारीक रेघ ओढायची, शेपटीचा उतार आखायचा, एक फळी कापून झाली की तीच दुसरीवर ठेवून टोकदार सुरीने तिच्या कडांनी रेघा मारायच्या. मग करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवायची, रेघ तशीच ठेवून. करवत रेघेवर आली तर सांधा ढिला, रेघेपासून दूर गेली तर घट्ट होऊन फळी फुटते. उताराचेही माप आहे. नरम लाकडाला सहास एक, सागासारख्याला आठास एक, असा साधारण ठोकताळा आहे. उतार फार घेतला तर शेपटीचे कोपरे तुटतात आणि कमी घेतला तर ती शेपटी न राहता सरळ दाता होते, मग ओढल्यावर निघते. सागाची आणखी एक खोड आहे. त्यात वाळूसारखा कठीण अंश असतो, तो हत्याराची धार खातो. मिस्त्री दर अर्ध्या तासाने पटाशी दगडावर घासत बसला तर तो वेळ काढतो आहे असे समजू नये. बोथट पटाशीने साग कापला जात नाही, चेंगरतो. शिवाय साग तेलकट असल्यामुळे कापून ठेवलेल्या सांध्याला आठवड्याने गोंद लावला तर नीट धरत नाही. कापले की पुसून लगेच जोडावे लागते.

चांगल्या हाताला हे सगळे दोन दिवसांचे काम आहे, नव्या हाताला चार दिवसांचे. आणि आपल्याकडे पेटीचा भाव कसा ठरतो? लाकूड इतके घनफूट, त्याचे इतके. कडी-कोयंडा, बिजागरी, पॉलिश, त्याचे इतके. आणि मजुरी ‘ठोक’. या ठोक शब्दाने कारागिराचा घात केला आहे. गिऱ्हाईक चार दुकाने फिरते, प्रत्येक ठिकाणी लांबी-रुंदी-उंची सांगते आणि ठोक विचारते. सांधा कोणता, हे विचारतच नाही. जो मिस्त्री कोपऱ्याला खिळे मारून वर पट्टी ठोकणार आहे तो एका दिवसात पेटी मोकळी करतो, म्हणून त्याची ठोक मजुरी कमी. जो 96 काप घालणार आहे त्याची जास्त. आकार एक, लाकूड एक, पॉलिश एक. गिऱ्हाईक कमी भावाकडे जाणार, त्यात त्याचाही दोष म्हणता येत नाही. त्याला फरक दाखवलाच कोणी? दोन-तीन वेळा असे झाले की दुसरा मिस्त्रीही खिळे मारू लागतो. मग मुलाला तो शिकवणारच काय?

आमच्या कापड बाजारात असे होत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. पैठणी घ्यायला आलेले गिऱ्हाईक काठ-पदर उलटून मागची बाजू पाहते. हातमागाची आहे की यंत्रमागाची, जर कशी आहे, हे विचारते आणि उत्तराप्रमाणे भाव देते. एका आकाराच्या दोन साड्यांना दहापट फरकाचा भाव पडतो आणि कोणी तक्रार करीत नाही, कारण फरक कुठे पाहायचा हे बायकांना माहीत आहे. लाकडात तो कुठे पाहायचा हे आम्ही लोकांना शिकवले नाही. मिस्त्री बोलका नसतो. व्यापारी बोलका असतो पण तो आपले बोलतो.

तेव्हा पाहायचे कसे ते थोडक्यात सांगतो. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना हात फिरवा. एका बाजूला शेपट्यांचा उतरता आकार आणि दुसऱ्या बाजूला शेपट्यांची चौकोनी टोके दिसली पाहिजेत. एकाच बाजूला आकार दिसत असेल आणि दुसरीकडे काहीच नसेल तर तो झाकलेला सांधा असू शकतो. खणांच्या दर्शनी बाजूला असा करतात आणि तो उत्तम असतो. पण वरून चिकटवलेली नुसती शोभाही असू शकते, म्हणून आतून पाहावे. शेपट्या आणि खुंट्या अगदी सारख्या रुंदीच्या, छापल्यासारख्या असतील तर ते बहुधा यंत्राचे काम. यंत्राच्या पात्याला दोन शेपट्यांमधून जायला जागा लागते, त्यामुळे त्याला खुंटी फार बारीक करता येत नाही. हाताने खुंटी टोकाशी पाव इंचावरही आणता येते. हातकामात शेपट्यांच्या बुडाशी खतकसाची बारीक रेघ राहिलेली दिसते. ती पॉलिशवाल्याची चूक नव्हे. मला विचाराल तर ती रेघ पाहून मी भाव वाढवून देईन. तळाची फळीही पाहावी. ती चारी बाजूंच्या खाचेत नुसती सरकवलेली असली पाहिजे, गोंदाने चिकटवलेली नको. मोकळी असली तर पावसाळ्यात फुगून आत सरकते. चिकटवली तर एक दिवस स्वतः चिरते किंवा पेटी फोडते.

यंत्राविषयी माझा राग नाही. फळी सरळ करायला, जाडी एकसारखी करायला यंत्र लावावे. त्यात हाताची कमाई काही नाही, नुसता घाम आहे. चांगल्या यंत्राने कापलेला डव्हटेलसुद्धा खिळ्यापेक्षा शंभर पटीने बरा. पण आमच्या तालुक्यातल्या एकट्या मिस्त्रीला रोज वीस पेट्यांचे काम असेल तर ते यंत्र परवडते. त्याला महिन्यात दोन पेट्या मिळतात. दोन पेट्यांसाठी त्याची करवत आणि पटाशीच स्वस्त पडते, फक्त त्याच्या दोन दिवसांचा मोबदला मिळाला पाहिजे.

हे काम कमी का झाले याचा विचार करताना सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकणे बरोबर नाही. गोदरेजने पोलादी कपाट 1923 साली बाजारात आणले. पुढे ते इतके रुजले की हुंड्या-आंदणाच्या यादीतून पेटी गेली आणि ‘गोदरेज’ आले, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो. 1959 साली पिडिलाइटचा फेव्हिकॉल आला. त्याआधी मिस्त्रीला कातड्या-हाडांचा सरस भांड्यात तापवून लावावा लागे. त्याचा वास, विस्तवाची खटपट, हे सगळे पांढऱ्या डब्याने वाचवले. सुतारकामाला त्याचा फायदाच झाला. तोटा एवढाच की गोंदच सगळे धरून ठेवील अशा भरवशावर सांधा सोपा होत गेला. जुन्या सरसाचा एक गुण मात्र विसरू नये. ऊन आणि ओलावा दिला की तो सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनी पेटीची एखादी फळी बदलायची झाली तर कोपरा न तोडता उघडता येतो. नंतर प्लायवूड आले, एमडीएफ आले, आणि 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईत आयकियाचे दुकान उघडले तेव्हा तर घरी नेऊन स्क्रूने स्वतः जोडायचे फर्निचर ही शहरातली नेहमीची गोष्ट झाली. एमडीएफच्या फळीत असा सांधा कापण्यात अर्थ नाही. ती लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली, तिला रेषाच नाहीत, शेपटी बुडाशी तुटून पडेल. आमची तरुण मुले पुण्या-मुंबईत मॉड्युलर किचनची कामे करतात, चांगले कमावतात. त्यांनी ते सोडून गावी यावे असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु गावात राहिलेल्या मिस्त्रीकडे निदान एक तरी असे काम असावे ज्यात शहरातला स्क्रूवाला त्याच्याशी भावात झगडू शकत नाही.

एकेकाळी आपल्या किनाऱ्यावरून पेट्या बाहेर जात. सुरत आणि मुंबईत घडलेल्या, पितळी पट्ट्या आणि चुका ठोकलेल्या सागवानी पेट्या जहाजांतून अरबस्तान आणि झांजिबारपर्यंत पोहोचल्या आणि तिकडे त्या त्या बंदराच्या नावानेच ओळखल्या जाऊ लागल्या. लाकडाच्या बाबतीत तर आपण विदर्भवाल्यांनी तक्रार करूच नये. मध्य प्रांताचा साग म्हणून ज्याचे नाव इंग्रजी अमदानीपासून आहे तो मेळघाटात आणि आलापल्ली-बल्लारपूरच्या जंगलात होतो. 2023 साली उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरकडचे सागवान लागले आहे. आम्हाला परतवाडा काही दूर नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजा लाडचे उदाहरण घ्या. तिथल्या जैन ग्रंथभांडारांत शेकडो हस्तलिखिते सांभाळली गेली. रायबहादुर हिरालाल यांनी 1926 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची छापली तीत ही भांडारे आली आणि पुढे त्यांतूनच अपभ्रंश भाषेतले कित्येक ग्रंथ छापले गेले. जैन भांडारांची जुनी रीत अशी की पोथी दोन फळ्यांमध्ये धरायची, कापडात गुंडाळायची आणि पेटीत ठेवायची. कापड आणि लाकूड, आमचा आणि मिस्त्रीचा धंदा, दोन्ही मिळून कागद शेकडो वर्षे टिकवतात, याचा पुरावा इथे जवळच आहे. शिरपूर हे तर तीर्थक्षेत्र. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गुजरात-राजस्थानपासून यात्रेकरू येतात. 2023 साली देऊळ पुन्हा उघडल्यापासून बाजाराला ते जाणवते. हे लोक पोथी, जपमाळ, पूजेचे साहित्य ठेवायला लहान पेट्या घेतात, पण इथे मिळते ते बाहेरगावच्या प्लास्टिक आणि पत्र्याचे. वीतभर लांबीच्या, कोपऱ्याला तीन-तीन शेपट्यांच्या सागवानी पेटीला फार लाकूड लागत नाही. मोठ्या कामातून उरलेल्या तुकड्यांत ती होते. शिकाऊ पोराचा हात बसवायलाही ती उत्तम.

शिकायचे कुठे, हा प्रश्न राहतो. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात हा सांधा कापायला लावतात. पण कोणताही उस्ताद सांगेल की दोन-चार नमुने कापून हात बसत नाही, पन्नासावा कोपरा कापताना रेघ दिसू लागते. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत सुतार आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत, आणि पाहिजे असल्यास तारणाशिवाय आधी एक लाख व मग दोन लाखांचे कर्ज, 5 टक्के व्याजाने. आपल्यातले पुष्कळ कारागीर ‘व्याज आहे’ एवढे ऐकून या योजनेकडे पाठ फिरवतात. त्यांच्यासाठी लिहितो की हत्यारांची मदत हे कर्ज नव्हे आणि कर्ज घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही. प्रशिक्षण घ्यावे, हत्यारे घ्यावीत, कर्जाचा अर्ज भरू नये. मात्र हत्यारांच्या रकमेत मशीनच घ्यायचे असा समज करून घेऊ नये. बारीक दात्यांची एक चांगली करवत, तीन मापांच्या पटाश्या, धार लावायचा दगड, गुण्या आणि खतकस यांना त्या रकमेचा थोडाच भाग पुरतो आणि कोपऱ्याच्या कामाला याहून जास्त काही लागत नाही. सरकारला माझी सूचना अशी की सहा दिवसांत सगळे थोडे थोडे दाखवण्याऐवजी एका जिल्ह्यात एक सांधा, एक वस्तू पक्की करवून घ्यावी. मिरजेचे उदाहरण आहे. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या, पिढ्यान्‌पिढ्या तेच केले आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा तंबोरा लांबी-रुंदी सांगून ठोक भावात कोणी मागत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा खर्च करून पेटी घेणार कोण? सर्वांनी घ्यावी असे मी म्हणतच नाही. माझ्या दुकानातला माल लोखंडी मांडणीवर असतो आणि तेच सोयीचे आहे. रोजच्या कपड्यांना साधे कपाट पुरे. ज्या घरात दोन भारी साड्या, आजीची शाल, शेरवानी, जुने दस्तऐवज आहेत त्या घराला एक पेटी लागते, आणि ती एकदाच लागते. लग्नाच्या मंडपावर एका रात्रीत जो खर्च होतो त्यापुढे मिस्त्रीच्या दोन दिवसांच्या मजुरीचे ओझे कुणाला होणार आहे? आणि ज्याला परवडत नाही त्याने लहान पेटी घ्यावी, पण कोपरा खरा घ्यावा.

व्यापारी बांधवांना मात्र एक करता येईल, आणि त्याला कोणत्याही योजनेची गरज नाही. जे फर्निचर विकतात त्यांनी ठोक मजुरी बंद करून बिलावर तीन ओळी लिहाव्यात. लाकूड इतके, सांधा इतका, पॉलिश व पितळ इतके. सांध्याच्या ओळीत ‘खिळा’, ‘यंत्राचा डव्हटेल’, ‘हाताचा डव्हटेल’ असे तीन भाव ठेवावेत आणि हातकामाच्या ओळीतली रक्कम जशीच्या तशी मिस्त्रीच्या हातात द्यावी. दुकानात तिन्ही कोपऱ्यांचे वीतभर नमुने ठेवावेत. गिऱ्हाईक हातात घेईल, ओढून पाहील आणि आपले आपण ठरवील. मी कापडवाला असूनही असा एक नमुना माझ्या गल्ल्याशेजारी ठेवला आहे. बस्ता बांधून होईपर्यंत पोरेटोरे तो ओढत बसतात, अजून कोणाला निघालेला नाही.

ज्यांना येत्या लग्नसराईसाठी पेटी करायची आहे त्यांनी सांगायला उशीर करू नये. पावसाळ्यात कापलेला सांधा उन्हाळ्यात ढिला पडतो, म्हणून लाकूड आता घेऊन सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा लागेल असे रचून ठेवावे आणि कापायला दिवाळीनंतर काढावे. गाभ्याचेच लाकूड घ्यावे, कडेचा पांढरा भाग किडा खातो. पेटीला आतून पॉलिश करू नये. बाहेरून करावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत महिनाभर झाकण उघडे ठेवावे. सागाचे तेल पांढऱ्या कपड्याला पिवळट डाग देते, तेव्हा आत धुतलेला मांजरपाट अंथरून त्यावर कपडे ठेवावेत. खळ काढूनच ठेवावेत, जरीला डांबरगोळी लागू देऊ नये, गोळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात टाकाव्यात. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास ऊन कोरडे झाले की सगळे बाहेर काढून घडी बदलावी.